घेणाऱ्याची सही

देवस्थळी काका घरात एकटेच राहतात आणि रोज दुपारी दोन वाजता स्वतःकडूनच चार्ज घेतात.

त्यांच्या दाराशेजारी खिळ्याला एक लांबट रजिस्टर टांगलेलं आहे. त्यात सकाळच्या शिफ्टची नोंद अशी असते : 'गॅस बंद. दूध तापवले. मागचा नळ गळतो, पुढील शिफ्टने पाहावे.' खाली दोन सह्या. देणार : वि. ग. देवस्थळी. घेणार : वि. ग. देवस्थळी. मग दुपारच्या शिफ्टचे देवस्थळी नळाचा वॉशर बदलतात आणि सकाळच्या देवस्थळींच्या नावाने पुटपुटतात, "कामं ढकलायची सवयच आहे मेल्याला."

काका कारखान्यात टर्बाइनच्या जोडणीवर होते. पुढच्या शिफ्टला लिहून दिल्याशिवाय गेटबाहेर पाय टाकायचा नाही, अशी तिथली रीत. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, बाकी सगळं सुटलं, एवढं सुटलं नाही.

आम्ही अयोध्या नगरात त्यांच्या वरच्या खोलीत राहतो. मी सांगोल्याकडची. सातवीत शाळा सुटली आणि लग्नानंतर नवऱ्याच्या वेल्डिंगच्या कामामागे भोपाळला आले. पहिले सहा महिने हिंदीची एवढी धास्ती, की भाजीवाल्याला नुसतं बोट दाखवायची. तो बोटाच्या शेजारचं काहीतरी द्यायचा. ते मी मुकाट शिजवायची. काकांनी हे दोन-तीनदा पाहिलं आणि रोज सकाळी माझ्याकडून हिंदी पेपरातला एक मथळा मोठ्याने वाचून घ्यायला लागले. चुकलं तर हसले नाहीत कधी. "रीवर्क," एवढंच म्हणायचे, की मी पुन्हा वाचायची. आज मी ब्लाउज शिवते आणि गिऱ्हाइकांशी हिंदीत भांडतेसुद्धा. हे उपकार कुठे फेडू, मला कळत नाही.

काकांची दुसरी खोड फोनची. निरोप कळला की ते फोन ठेवतात. "कारखान्याचा फोन गप्पांना नसतो." त्यांचा मुलगा मंदार कॅनडात असतो. तो म्हणतो, "बाबा, आम्ही दिवाळीला येतोय, आणि..." की काका म्हणतात, "नोंद केली," आणि फोन बंद. 'आणि'च्या पुढचं काही काकांच्या आयुष्यात कधी आलंच नाही.

मंदारची मुलगी इरा, दहा वर्षांची. मागच्या खेपेला ती आली तेव्हा काकांनी तिला टर्बाइनच्या पात्यांविषयी दीड तास सांगितलं. शेवटी तिने अगदी अदबीने विचारलं, "आजोबा, झालं?" ती मंडळी परत गेली त्या दिवशी मी पाण्याची मोटर लावायला खाली आले, तर रजिस्टरात लिहिलं होतं : 'नातीशी बोलण्याचे विषय संपले. साठा शून्य.' मी मोटर न लावताच वर गेले.

यंदा पावसाळ्यात इराचा फोन आला. मी तिथेच होते. "आजोबा, ती जुनी सिनेमांची सिरीज आहे ना, अंतराळातली, सात भागांची? ती तुम्ही बघितलीत का? कारण..."

"नाही बघितली. बघतो. नोंद केली," आणि काकांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा असा, की जणू मोठी ऑर्डर मिळाली आहे.

"सुमन, दिवाळीच्या आत सात भाग उरकायचे. रोज दुपारी तासभर ये. मशीन एकट्याने चालू करायचं नाही, सेफ्टीचा नियम आहे."

"काका, मला काय कळणार त्यातलं?"

"मला तरी कुठे कळतंय. दोघं मिळून कळवून घेऊ."

पहिला वाद क्रमावरून झाला. माझे यजमान म्हणाले, "काका, वर्कशॉपमधली पोरं सांगतात, सिनेमावाल्यांनी तिसरा भाग आधी बनवला आणि पहिले दोन मागून जोडले. सगळे तिसऱ्यापासून बघतात."

"पाया न भरता तिसरा मजला? एक म्हणजे एक, दत्तोबा."

पहिल्या भागात दोन तास सगळे झगे घालून नुसत्या बैठका घेत होते. मला जांभया आवरेनात. काका खूश. "नियोजनाशिवाय उड्डाण होत नसतं." आणि रजिस्टरात नोंद : 'भाग १. मालवाहू यानाच्या इंजिनात खडखड. बेअरिंग गेले आहे, कोणी पाहत नाही. ३२व्या मिनिटाला स्फोट. अपेक्षित होता.' देणार म्हणून सही केली. घेणाऱ्याची जागा मात्र कोरी ठेवली.

"इथे?" मी विचारलं.

"इथे इरा सही करेल. चार्ज तिला द्यायचाय."

तिसऱ्या भागात म्हातारा कॅप्टन बाकीच्यांना निसटता यावं म्हणून एकटा इंजिनघरात थांबतो. काकांनी रजिस्टर ओढून लिहिलं : '१ तास ३८ मिनिटे. कॅप्टन ड्यूटीवर असताना गेला. चार्ज कोणी घेतला नाही.' आणि चहा ठेवायला उठले.

चौथ्या भागाच्या तोंडावर त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, सुटलो. काका काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून बसले. "मला बघायला बंदी आहे, ऐकायला नाही. तू सांग."

"डावीकडून मोठं यान आलं."

"किती मोठं?"

"टी. टी. नगरच्या बाजाराएवढं."

"मग ते हळू वळायला हवं. वळतंय का हळू?"

"नाही, भर्रकन वळलं."

"चूक आहे. नोंद कर."

अशा रीतीने सातवीत शाळा सुटलेल्या बाईने दोन भाग अंतराळाचं रजिस्टर लिहिलं. बंदी उठली, डोळा निवला, आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी सातवा भाग संपला. काकांनी सगळी पानं पुन्हा तपासली आणि माझ्या अक्षरातल्या नोंदींखालीही सही केली.

इरा आली ती दारातूनच बोलत. "आजोबा, तुम्ही ती सिरीज बघितली नाहीत ना अजून? मी फोनवर सांगतच होते, मी पण नाही बघितली. मला तुमच्याबरोबरच सुरू करायची होती. तुम्ही फोनच ठेवून दिला."

मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. तोंडापर्यंत आलं होतं, अगं, साती भाग झाले! काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. उभ्या नोकरीत ज्यांनी एक खोटी नोंद केली नाही, ते काका म्हणाले, "कुठे गं बघतोय. मला एकट्याला काय समजणार त्यातलं?"

आणि खिळ्यावरचं रजिस्टर काढून माझ्या ट्रेखाली सरकवत हलकेच म्हणाले, "वर ने."

"पण आजोबा, तिसऱ्या भागापासून सुरू करायचं हं. बाबा म्हणतात, तोच आधी बनवलाय."

मी ट्रे घेऊन दारातच थांबले.

"बरोबरच आहे," काका म्हणाले. "तिसऱ्यापासूनच."

दुपारी मी जिन्यात ब्लाउजांना हुक लावत बसले होते. दार उघडंच होतं. आतून काकांचा आवाज येत होता. "हा म्हातारा कोण गं? आणि ही कुठे चाललीय?"

"आजोबा, पेशन्स. मला पण नाही माहीत."

थोड्या वेळाने इराचा आवाज बारीक झाला. "आजोबा, तो एकटाच थांबलाय आत. वाचेल ना?"

"वाचेल असं वाटतंय खरं," काका म्हणाले.

मी मान वळवून आत पाहिलं. इराचे डोळे पडद्यावर होते. काकांचे भिंतीवरच्या घड्याळावर. ते सोफ्यावर सरकून तिच्या अगदी जवळ गेले होते आणि तिचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेऊन ठेवला होता. रजिस्टरातल्या १ तास ३८ मिनिटांना अजून एक मिनिट बाकी होतं.