बारापैकी सात नसा

"तोंडातून एक शब्द काढायचा नाही," वॉर्डातल्या सिस्टरनं घड्याळजींना सकाळीच बजावलं. "मुलांनी तपासायचं, मुलांनीच ओळखायचं. तुम्ही सांगितलंत तर परीक्षा तुमची होईल."

घड्याळजींनी मान डोलावली. सहा वर्षांपूर्वी एके दिवशी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळालं आणि त्यांचा अर्धा चेहरा संपावर गेला, तो पुरता कामावर परतलाच नाही. डावी भुवई चढत नाही, डावा डोळा नीट मिटत नाही, हसले की तोंड उजवीकडे पळतं. घड्याळं दुरुस्त करताना डाव्या डोळ्यात धरायचं भिंग आता उजव्यात धरावं लागतं. पण दुकानात जो चेहरा अडचणीचा, त्यालाच वैद्यकीय कॉलेजात मान! परीक्षेत मुलांनी तपासायचा रुग्ण म्हणून बोलावणं आलं की घड्याळजी गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मुलाकडचे पाहुणे यावेत तशा ऐटीत खाटेवर येऊन बसत.

मेंदूतून निघून डोळे, कान, चेहरा, जीभ चालवणाऱ्या बारा नसांपैकी कुठली बिघडली ते ओळखायचं होतं; सकाळपासून चार जण तपासून गेले होते. पाचवी मुलगी आली. आल्याआल्या तिच्या हातून टॉर्च पडला, तो उचलताना गुडघे ठोकून बघायची रबरी हातोडी पडली.

"हिची तिसरी खेप," सिस्टर घड्याळजींच्या कानाशी पुटपुटली. "आता गेली तर आणखी एक वर्ष पाण्यात."

घड्याळजींचं काळीज पाघळलं. शब्द काढायचा नव्हता, कबूल. चेहऱ्याबद्दल मात्र सिस्टर काही बोलली नव्हती.

"काका, भुवया वर करा," मुलगी म्हणाली. उजवी चढली, डावी जागच्या जागी. मुलीनं ते पाहिलं, पेन उचललं, पण लिहिण्याआधी थबकली. 'अगं, बरोबर आहे, कपाळच बघ!' हे सांगायला घड्याळजींनी उजवी भुवई चार-पाचदा भराभर उडवली.

मुलगी गोंधळली. तिनं लिहिलं, 'उजव्या भुवईला झटके. सातवी नस?'

घड्याळजी चपापले. दोष डावीकडे आहे हे कळावं म्हणून त्यांनी दोन्ही बुबुळं डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"काका, समोर बघा ना."

काका समोर बघेनात. 'डोळे डावीकडे ओढलेले. डोळे फिरवणारी तिसरी, चौथी आणि सहावी नस?' प्रश्नचिन्ह तिनं दोनदा गिरवलं.

मग तिनं कान तपासायचा दोन टोकांचा नादकाटा वाजवून उजव्या कानाशी धरला. "ऐकू येतंय?"

'ही बाजू नव्हे गं बाई!' या अर्थानं घड्याळजींनी मान जोरात हलवली. उजवा कान बहिरा, आठवी नस गेली, अशी नोंद झाली. मग 'सोड ते, पुढे चल' म्हणून त्यांनी एक खांदा उडवला, तेव्हा खांद्याची अकरावी नस कामातून गेली. शेवटी वैतागून त्यांनी जिभेचं टोक डाव्या गालात खुपसून गाल आतून टेंगळासारखा फुगवला. यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं माणसानं? पण त्यात जिभेची बारावी नसही गेली.

तेवढ्यात परीक्षक आले. उंच, कोरडे, हसण्याची सवय नसलेले.

"काय सापडलं?"

"सर... बारापैकी सात नसा," मुलगी घशातल्या घशात म्हणाली आणि एकेक नस वाचू लागली.

एवढ्या नसा गेलेला माणूस परीक्षेला दाढी करून येत नाही, हे घड्याळजींनाही कळत होतं. आता खरं दाखवावं तर पोरगी खोटी पडते. तिला पाडायला का आलो होतो आपण? त्यांनी बुबुळं डावीकडे नेली, एक खांदा पाडला, जीभ गालात खोचली आणि बसून राहिले.

परीक्षकांनी बोट फिरवलं. डोळे हलेनात. "जीभ बाहेर काढा." ती डावीकडे वळून आली. परीक्षकांनी मुलीकडे पाहिलं, घड्याळजींकडे पाहिलं, स्वतःच्या बोटाकडेही पाहिलं. मग मागं जाऊन, त्या बहिऱ्या उजव्या कानाशी अगदी हळू पुटपुटले, "किती वाजले हो?"

घड्याळजींचे दोन्ही डोळे सर्रकन उजव्या भिंतीवर गेले. "सव्वाअकरा. पण ते घड्याळ चार मिनिटं मागं आहे, साहेब. कमान ढिली असणार."

एका दमात चार नसा बऱ्या झाल्या. सिस्टरनं कपाळावर हात मारला.

"आता तू बोल," परीक्षक मुलीला म्हणाले. "कागद बाजूला ठेव. आत आल्यावर पहिल्यांदा काय दिसलं?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज निघाला. "डाव्या बाजूची सातवी नस, सर. जुनी. कपाळसुद्धा हलत नाही, म्हणजे बिघाड मेंदूत नाही, नसेतच आहे. मी तेच लिहिणार होते... पण हे काका काहीतरी करायला लागले की मला वाटायचं, आपलंच चुकतंय."

"तेच लिहायचं होतं. पास."

मुलगी धन्यवाद म्हणायचंही विसरली. परीक्षकांनी मग आधीच्या चार उत्तरपत्रिका चाळल्या. एकात मेंदूत गाठ. दुसऱ्यात 'फिट येतात'. तिसऱ्यात 'रुग्ण असहकार करतो'. चौथ्यात नुसतं 'अरेरे'.

"घड्याळजी," त्यांनी सावकाश विचारलं, "या चौघांनाही तुम्ही मदत करत होतात?"

"जमेल तेवढी केली, साहेब."

चौघांना बाहेरच्या बाकावरून पुन्हा बोलावण्यात आलं. परीक्षक शेजारी उभे राहिले; सांगितल्याशिवाय पापणीसुद्धा हलवायची नाही, असा हुकूम. घड्याळजी मूर्तीसारखे बसले. चौघांनी एकामागून एक भुवया वर करायला लावल्या, डोळे मिटायला लावले, गाल फुगवायला लावले आणि दोन-दोन मिनिटांत डावी सातवी नस सांगून मोकळे झाले.

शेवटचा दाराशी पोचला तेव्हा घड्याळजींना राहवलं नाही.

"बघ, कसं पटापट आलं आता!" ते म्हणाले. "सकाळी एवढं समजावत होतो, तेव्हा एकाचंही लक्ष नव्हतं."