जनूभाऊ गोझोला निघाले

आमच्या कर्जतच्या दहिवलीत सकाळी सातला फिरायला निघालात, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या ओट्यावर तुम्हाला एक गृहस्थ पाणबुड्यांचा चष्मा लावून पेपर वाचताना दिसतील. घाबरू नका. ते जनूभाऊ. तो चष्मा नाकासकट अर्धं तोंड झाकतो, त्यामुळे त्यांना नमस्कार केला की 'दबस्कार' असं उत्तर येतं.

"नाकाला सवय लागली पायजे, बाई," त्यांनी मला सांगितलं होतं, अर्थात चष्मा काढून. "तिथं खाली तोंडानंच श्वास घ्यायचा असतो."

तिथं म्हणजे गोझोला. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचा एवढासा देश आहे, त्याचं हे त्याहून एवढंसं बेट. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण खरं सांगते, गोझो मला जनूभाऊंनी शिकवलं.

जनूभाऊंचा धंदा विहिरीत पडलेल्या मोटरी काढण्याचा. पाईप तुटून मोटर तळाला गेली, की खोपोलीपासून नेरळपर्यंतचे शेतकरी आणि फार्महाऊसवाले त्यांना फोन करतात. आधी ते दोराला तीन आकड्यांचा लोखंडी गळ बांधून सोडतात. गळाला लागली तर ठीक, नाहीतर कमरेला दोर बांधून स्वतः उतरतात. दोराचं दुसरं टोक सुमनवहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे सापडली, तीन म्हणजे ओढ. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, दुसऱ्या कुणाच्या हातात त्यांनी तो दोर दिलेला नाही. वहिनी म्हणतात, "घरात बोलत नाय तेवडं दोरावर बोलतात."

पावसाळ्यात कुणी बुडालं, तर पोलीसही जनूभाऊंनाच बोलावतात. बंधारे, धबधबे बघायला शनिवार-रविवारी मुंबईहून माणसं येतात, आणि सगळीच परत जात नाहीत. त्या कामाचे जनूभाऊ पैसे घेत नाहीत आणि त्याबद्दल बोलतही नाहीत. आम्हीही विचारत नाही.

एरवी मात्र ते भरपूर बोलतात. "तळ लागला का?" हे त्यांचं पालुपद. कुणाच्या मुलीचं लग्न जमत असो की कुणाचा ताप उतरत नसो, जनूभाऊंचा प्रश्न एकच. माझ्या पेन्शनची फाईल कुठल्याशा टेबलावर अडली होती, तेव्हा हे रोज कुंपणावरून हाक मारायचे, "बाई, तळ लागला का?" शेवटी लागला म्हटल्यावर त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पेन्शन माझी, पेढे त्यांचे.

गोझोचं खूळ खालापूरकडच्या एका फार्महाऊसवर सुरू झालं. मोटर काढून झाल्यावर मालकांनी चहा दिला आणि मोबाईलवर आपल्या सुट्टीचा व्हिडिओ दाखवला. निळं पाणी, पाठीवर टाक्या बांधलेली माणसं, अंगावरून जाणारे मासे. जनूभाऊंनी तो अकरा वेळा बघितला. बाराव्यांदा मागितला तेव्हा मालकांनी मोबाईल खिशात घातला आणि आपला जुना चष्मा देऊन त्यांची बोळवण केली. तिथून ते तडक माझ्या घरी आले.

"बाई, पान्यात दिसतं!"

"म्हणजे काय?"

"हात लांब केला, तर आपला हात आपल्याला दिसतो. चाळीस वर्सं झाली उतरतोय, मी माजा हात पान्यात कदी बगितला नाय. डोळे मिटूनच जायचं. उगडले तरी गाळच."

त्या दिवसापासून माझ्या दुपारच्या झोपेचा जो बळी गेला तो गेलाच. रोज तीनला जनूभाऊ वही घेऊन हजर. त्यांनी सांगायचं, मी इंग्रजीत लिहायचं आणि गोझोच्या त्या रिसॉर्टला ईमेल करायचा. दहिवलीतली थोडी जागा विकली गेली होती, त्यामुळे खर्चाची चिंता नव्हती. चिंता वेगळ्याच होत्या. तिथे विहिरी किती खोल असतात? खाऱ्या पाण्यात मोटर किती वर्षं टिकते? रिसॉर्टवाले बिचारे सगळ्याला उत्तरं द्यायचे.

एकदा जनूभाऊंनी विचारायला लावलं, की खाली उतरताना वर दोर कोण धरतं. उत्तर आलं, दोर नसतो, दोघं जोडीनं उतरतात आणि एकमेकांवर लक्ष ठेवतात. जनूभाऊ दोन दिवस अस्वस्थ होते. "वर कोनीच नाय?" वहिनींचा प्रश्न निराळा होता.

"मंग मी तिकडं जाऊन काय करू?"

"वहिनी, तिथे पोहायच्या तलावाकाठी खुर्च्या असतात. तुम्ही आरामात पडून राहायचं."

"दिवसभर? दुखणाईतासारकी?" आणि नवऱ्याकडे वळून, "जलमभर पान्यात गेले, आता सुट्टी काडायची तीबी पान्यातच. डोंगरावर न्या की मला!"

"माथेरान हितंच हाय गं. कदीबी जाऊ," जनूभाऊ म्हणाले. नेरळहून माथेरान दिसतं, पण पस्तीस वर्षांत तेही जमलेलं नव्हतं.

तरी वहिनींनी तयारी केली. तांदळाचं पीठ आणि डबाभर सुकट. समुद्राने वेढलेल्या बेटावर कर्जतहून सुकी मासळी नेणं मला पटेना, पण माझं कोण ऐकतो! पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदाराने जनूभाऊंना एकही प्रश्न विचारला नाही. उलट ओट्यावर तोच उभा राहिला आणि यांना खुर्ची दिली.

सगळं जुळलं. आणि मग तारखेवर घोडं अडलं. रिसॉर्टने कळवलं, की उन्हाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, पाणी सगळ्यात छान असतं, हिवाळ्यात ते बंद असतात. मी जुलैचा दुसरा आठवडा ठरवला.

"जुलैत नाय जमत," जनूभाऊ म्हणाले.

"मग ऑगस्ट."

"ऑगस्टातबी नाय."

शेती त्यांनी कधीच सोडली होती. पावसात विहिरी तुडुंब, मोटरींचं कामही नसतं. बुडालेल्यांसाठी म्हणाल, तर आता तालुक्यात तरुण मुलांचं पथक आहे, त्यांच्याकडे होडी आहे, जॅकेटं आहेत. यांच्यावाचून काय अडणार होतं? आधीच्या वर्षीही हेच झालं होतं. सगळी जुळवाजुळव माझ्याकडून करून घ्यायची आणि ऐनवेळी मान हलवायची. माझा तोल गेला.

"तुम्हाला जायचंच नाही, जनूभाऊ. नुसता चष्मा लावून मिरवायचंय."

मी शाळेत अशी बोलायचे. जनूभाऊंनी वही मिटली आणि निघून गेले. पुढे चार दिवस ओट्यावर चष्मा दिसला नाही, आणि मीही हट्टाने कुंपणाकडे फिरकले नाही.

पाचवा दिवस रविवार होता. दुपारी सुमनवहिनी दारात आल्या. खांद्यावर दोराचं वेटोळं.

"बाई, गाडी काडता का? ह्यांची मोटारसायकल दुरुस्तीला हाय. कशेळ्याच्या पुडं बंदाऱ्यावर जायचंय. कुनाचा पोरगा बुडालाय."

जनूभाऊ मागच्या सीटवर येऊन बसले. बंधाऱ्यावर गर्दी होती. पथकातली मुलं होडीतून शोधत होती आणि एकाच्या हातात गळ होता. जनूभाऊ काठावर गेले आणि मोठ्याने म्हणाले, "गळ बाजूला ठेव, रं." त्यांनी असं दरडावलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मुलाने गळ मुकाट्याने ठेवला.

काठाच्या दगडावर एक बाई बसली होती. सहलीला आलेलं कुटुंब, बुडालेला तिचाच विशीतला मुलगा. तिच्या मुठीत त्याचा चष्मा होता, पाण्यात उतरताना तिच्याकडे दिलेला. लोक तिला उठवू बघत होते, सावलीत चला म्हणत होते. ती हलत नव्हती.

जनूभाऊंनी कमरेला दोर बांधला, पाण्याला हात लावून नमस्कार केला आणि डोळे मिटून खाली गेले. पाणी चहाच्या रंगाचं होतं. वर यायचे, दम घ्यायचे, पुन्हा जायचे. वहिनी दोर धरून उभ्या होत्या. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग दोराला दोन हिसके आले. वहिनींनी मान खाली घातली.

जनूभाऊंनी त्या मुलाला सरळ आईसमोर आणलं नाही. होडीच्या आडोशाला नेलं, आपल्या गमछ्याने त्याचा चेहरा पुसला, केसांतला गाळ काढला, शर्टाची बटणं लावली. झोपेतून उठवायला नको अशा बेताने हे सगळं चाललं होतं. मग दोन्ही हातांवर घेऊन आले आणि आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "आई, कुटं लागलेलं नाय त्याला. बगा."

तिने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि तेव्हा कुठे ती रडली.

जनूभाऊ पंचनाम्यासाठी थांबले. आम्ही दोघी गाडीत येऊन बसलो. वहिनी ओला दोर मांडीवर घेऊन गुंडाळत होत्या.

"आमच्या लेकीचं, मंदीचं लगीन झालं ना, बाई, ते पावसातच," त्या म्हणाल्या. "सासरचे घाई करत होते. दोन दिवस आमी पनवेलला. तेवड्यात हितं एक पोर गेला. हे नवते, मंग लोकांनी गळ टाकला. गळ तोंडाला लागला. आई समोरच बसलेली. आमी आलो तर ती ह्यांना म्हनली, तुमी कुटं होता?"

"यात जनूभाऊंचा काय दोष?"

"मीबी तेच म्हनते. पन तवापासून पावसात हे कर्जत सोडत नाय. गळ मोटरीला टाकतात, म्हनतात, मानसाला नाय."

मला माझ्या बोलण्याची इतकी लाज वाटली, की जनूभाऊ गाडीत येऊन बसले तेव्हा माझ्याच्याने मागे वळून बघवलं नाही. घरी पोचल्यावर मी एवढंच म्हटलं, "जनूभाऊ, उद्या तीनला वही घेऊन या."

ते आले. मी रिसॉर्टला स्पष्ट लिहिलं, की आमच्याकडे पाऊस असेपर्यंत या माणसाला गाव सोडता येत नाही, दुसरा मार्ग सांगा. उत्तर आलं, ऑक्टोबर अखेरपर्यंत आम्ही चालू असतो आणि पाणी तेव्हाही स्वच्छ असतं. दसऱ्यानंतर आमच्या नद्या उतरतात आणि सहलीही थांबतात. जनूभाऊंनी वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "मी खुर्चीत पडन. तुमी जावा खाली." व्हिसा आला, तिकिटं आली. आता फक्त रिसॉर्टचा एक फॉर्म भरायचा होता.

मी एकेक ओळ वाचत होते. वय, वजन, पोहता येतं का. मग आलं, तुम्हाला पाण्याखाली काय बघायला आवडेल? गुहा, मासे, की बुडालेलं जहाज?

"जहाजात मानसं होती?" जनूभाऊंनी विचारलं.

"नाही हो. मुद्दाम बुडवलंय ते, लोकांना बघायला. पूर्ण रिकामं आहे."

जनूभाऊंनी मान हलवली.

"तरी नको, बाई. मला सवय हाय. मी सगळी दारं उगडून आत बगत बसन." मग हलकेच म्हणाले, "मासे लिवा. एकदा खाली जायाचं आन रिकाम्या हातानं वर यायाचं, येवडंच."

मी माशांपुढे खूण केली.