यादीबाहेरचा धाकटा

“ताई, पाच मिनिटांचं काम आहे!” धाकटा म्हणाला. ज्याची कुलपं फोडताना चोरांनी हात टेकले, त्याला एक ईमेल पोहोचवणं म्हणजे हातचा मळ!

धाकटा बेचाळीस वर्षांचा होता. केस पिकले, चष्मा लागला, तरी कुलपांच्या त्या कारखान्यात तो धाकटाच राहिला, कारण कारखाना थोरली बहीण चालवायची. त्याच्या कुलपांचं सगळे कौतुक करत, पण त्याचं मत कुणी विचारत नसे. आज ताईने पहिल्यांदाच कारखान्याबाहेरचं काहीतरी त्याच्यावर सोपवलं होतं. नव्या रुग्णालयाच्या दोनशे दारांना कुलपं हवी होती. दरपत्रक संध्याकाळी पाचच्या आत, आणि तेही ईमेलनेच, पोहोचायला हवं होतं. सकाळी पाठवलेलं तर परत आलं होतं.

“हे काम हातचं गेलं, तर पुढच्या महिन्यात सहाही माणसांना घरी बसवावं लागेल,” ताई म्हणाली. “जमेल ना रे?”

“अगं, झालंच समज!”

परत आलेल्या पत्राखाली कारण लिहिलं होतं. कंपनीच्या नावाने कोणत्या यंत्रांनी पत्रं पाठवायची, याची यादी कंपनीने जाहीरच केली नव्हती. मग हे पत्र खरं की कुणा तोतयाचं, हे रुग्णालयाला कसं कळणार? धाकट्याला हे मनापासून पटलं. अनोळखी माणसाला दार उघडू नये, यावर तर त्यांच्या घराण्याचं पोट चाललं होतं! त्याने यादी केली. तिच्यात एकच यंत्र लिहिलं. मग खाली प्रश्न आला : यादीबाहेरून पत्र आलं तर काय करावं? काहीच करू नये, संशयित म्हणून बाजूला ठेवावं, की सरळ परत पाठवावं? दुसऱ्या कुणी पहिल्यापासून सुरुवात केली असती. कुलूपवाल्याने तिसरं निवडलं. अर्धवट लागतं ते कसलं कुलूप!

दरपत्रक पाठवलं. परत आलं. पुन्हा पाठवलं. पुन्हा परत! दुपारपर्यंत ते अकरा वेळा गेलं आणि भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखं अकरा वेळा परत आलं. आता रुग्णालयाचंच काय, कारखान्याला पितळ पुरवणाऱ्या पितळवाल्याला पाठवलेलं पत्रही परत येऊ लागलं. धाकटा कारखान्याच्या एकुलत्या फोनवरून ईमेल सेवेच्या मदतकेंद्राला चिकटून बसला. तिकडून कुणी बोलेना, नुसती बासरी वाजत राहिली.

अडीच वाजता पितळवाला स्वतःच दारात उभा! चेहरा असा, की ताई घाबरून खुर्चीतून उठली.

“ताई, फार वाईट वाटलं,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुमचं पत्र नाही, फोन लागत नाही. म्हटलं, कारखाना बंद झाला वाटतं. इतक्या वर्षांचा संबंध, एकदा भेटून जावं.”

हे मिस्त्रींच्या कानावर पडलं. अठ्ठावीस वर्षं त्याच टेबलाशी उभे राहिलेले मिस्त्री. त्यांनी आपल्या कानशी एकेक करून पुसल्या आणि फडक्यात बांधायला घेतल्या. बाकीचे पाचही जण हत्यारं आवरू लागले.

“अहो मिस्त्री, काही बंद झालेलं नाही!” ताई म्हणाली, पण कुणी थांबलं नाही.

“ताई, निदान आम्हाला आधी सांगायचंत,” मिस्त्री म्हणाले.

बासरी ऐकणं पुरे झालं. धाकट्याने अभिमान गिळून थेट रुग्णालयाच्या संगणक विभागाला फोन लावला. तिथल्या बाई शांत होत्या.

“तुमची अकरा पत्रं आली. अकराही परत पाठवली.”

“अहो, पण का?”

“तुम्हीच सांगितलंत ना! यादीत तुमच्या वेबसाइटचं यंत्र आहे. पत्रं पाठवणारं यंत्र वेगळं, ते यादीत नाहीच. आणि खाली स्वच्छ लिहिलंय, यादीबाहेरचं परत पाठवा.”

“म्हणजे मी मलाच...”

“तोतया ठरवलंत. हो.”

धाकट्याने यादी सुधारली. तरी संकट टळलं नाही. जुनी यादी लोकांचे संगणक चार तास लक्षात ठेवतात, आणि आता साडेतीन वाजले होते!

“बाई,” तो म्हणाला, “आमची सहा माणसं हत्यारं बांधून बसलीत. त्यांचा काही दोष नाही. चूक माझ्या एकट्याची आहे.” बेचाळीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून प्रथमच निघालं होतं. ताईने चमकून वर पाहिलं.

“आमच्याकडची जुनी यादी मी पुसते,” बाई म्हणाल्या. “दहा मिनिटांनी पाठवा.”

बाराव्या वेळी दरपत्रक गेलं, आणि गेलं ते गेलंच. मिस्त्रींनी फडक्याची गाठ सोडली.

आठ दिवसांनी रुग्णालयाचं उत्तर आलं. ताईने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. “काम आपल्या कंपनीस दिले आहे. प्रत्यक्ष मालकालाही आत न घेणारे कुलूपवाले आम्हास प्रथमच भेटले, असे आमच्या संगणक विभागाचे मत पडले.”

धाकट्याची छाती फुगली. “बघितलंस? कुलपं बसवायला मीच जातो!” त्याने हत्यारांची पेटी उचललीसुद्धा.

“थांब,” ताई म्हणाली. “खाली अजून एक ओळ आहे. ‘कुलपे बसविण्यास कृपया दुसऱ्या कोणास पाठवावे. आम्हास आतही जायचे असते.’”