सुंदरच्या गळ्यातली काळी कंठी

"गुन्हेगार माझं नाव ऐकून घामाघूम होतो, आणि तो घाम हुंगून मी त्याचं गाव सांगतो," असं चुडामणनाना पारोळ्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगत. ऐकणारा भेंडी निवडत राही. भिंग, छत्री आणि नानांचे अपमान अशी तिन्ही ओझी वाहणारा मदतनीस रुपचंद मागे उभा राहून मान डोलवी. मागे नानांनी असंच एकाला हुंगलं, तो त्यांचाच साडू निघाला. गाव तरीही चुकलंच.

चैत्राच्या उन्हात शेजारच्या गावातून सुपडूआबांचं बोलावणं आलं. त्यांची सून सुंदर, पहूरची लेक, हुरड्याच्या कणसासारखी कोवळी या घरात आली होती. आता तिच्या गळ्याभोवती कंठी घालावी तसा काळा, खरबरीत पट्टा उठला होता. हातांची कातडी करपल्यासारखी, ओठांचे कोपरे चिरलेले. गाव म्हणे, महारोग. भावकीनं ठरवून टाकलं होतं, की अमावास्येला सुनेला माहेरी धाडायचं आणि लेकरू इथंच ठेवायचं. सुंदर लेकराचं झबलं तेवढं मुठीत घट्ट धरून बसे.

"विषारी दागिना!" नाना गरजले. "गळ्यात गळसरी, हातात पाटल्या. डाग नेमके तिथंच!"

प्रयोग म्हणून तिची गळसरी त्यांनी दिवसभर स्वतःच्या गळ्यात घातली. संध्याकाळी मान लाल झाली.

"पाहिलंस रुपचंद? विष चढलं!"

"ते घामोळं आहे नाना. तुम्हाला दरसाल येतं."

मग संशय दोन्ही गावांचे कपडे धुणाऱ्या जीवराम परटावर गेला. परीट कपड्यांवर बिब्ब्याच्या खुणा करतो, आणि बिब्बा कातडी जाळतो.

"चोळीच्या गळ्याला बिब्बा चोळलास! कबूल हो!"

"नाना, तुमचं धोतरही मीच धुतो, त्यावरही बिब्ब्याचीच खूण आहे," जीवराम शांतपणे म्हणाला. "दाखवा मांडी."

नानांनी मांडी दाखवली नाही. आरोप मात्र मागे घेतला.

चोळीखालची कातडी दुधासारखी स्वच्छ आहे, उन्हात उघडी पडते तेवढीच करपली आहे, असं सासू भागाबाई दोनदा सांगून गेली. नाना तेव्हा भिंगातून उंबऱ्यावरची मुंगी तपासत होते. दुपारी मात्र ते वेळेवर पाटावर बसत. तुरीचं वरण, पोकळ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर तांब्याभर ताक. तपासात तेवढा एकच भाग नीट पार पडत होता, असं रुपचंदला वाटे. आणि आपणही तो मन लावून करतो, याची त्याला थोडी लाज वाटे.

अशात नानांना शोधत त्यांची बायको बेबाबाई आली. घरातलं पीठ संपलं होतं आणि नवरा परगावी मुंग्या मोजत होता. पुरुषांची जेवणं उरकल्यावर ती बायकांच्या पंगतीला बसली. सुंदरनं ज्वारीची भाकर घेतली, त्यावर मीठ-मिरची.

"पोरी, वरण कोठे शे?" बेबाबाईनं अहिराणीत विचारलं.

"माले चालत नही, अक्का. वात व्हस."

"ताक?"

"थंड पडस. बाळंतिणीले..."

"बाळंतीण?" बेबाबाईनं वळून पाहिलं. बाळंतिणीचं लेकरू भिंत धरून चालत येऊन नानांच्या छत्रीच्या काड्या मोडत होतं.

"भागाबाई, हिचं पथ्य कधी सोडं?"

भागाबाईच्या हातातली पळी थांबली. "तिनं इचारंच नही."

"सासूबाईनी सांगं नही," सुंदर खाली पाहत पुटपुटली.

ओसरीवरून नाना ओरडले, "हेच! अगदी हेच मी सांगणार होतो!"

"तुम्ही तिच्या वाटचं वरण ओरपत होतात," बेबाबाई म्हणाली. "गप बसा."

आबांनी गाडी जुंपून सुनेला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी गळा पाहिला, हात पाहिले, लालभडक जीभ पाहिली. "महारोग नाही. नुसत्या ज्वारीवर राहिलं की एक जीवनसत्त्व कमी पडतं, मग कातडीला ऊन सोसत नाही. दूध, डाळ, शेंगदाणे, अंडी द्या. नवी कातडी येईल."

गाडी धुळ्याहून घरी येईपर्यंत नानांनी गावात सांगून टाकलं होतं, की गुन्हेगार सापडला, त्याचं नाव पथ्य, आणि तो फरार आहे.

डॉक्टरांचं म्हणणं भावकीनं मनावर घेतलं नव्हतं; अमावास्येला तिची माणसं दारात आली. त्यांच्या गाडीला बैल जुंपलेलेच होते. रुपचंद धास्तावून ओट्यावर उभा राहिला. सुनेला वाढता वाढता भागाबाई अंगणात आली, पदर खोचलेला, हात वरणाचे.

"सुनेले बाहेर धाडा," कुणीतरी म्हणालं.

"गाडी परत फिरवा," भागाबाई म्हणाली. "सून जेवी राहिनी."