वाऱ्याला भीक न घालणारी गोळी

ऑरिन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून रिकाम्या काडतुसांत गोळ्या बसवत होता. त्याचा मेव्हणा डेलमर मागच्या दाराने आत शिरला आणि वाऱ्याने ते दार त्याच्याच पाठीत हाणलं. वायोमिंगमध्ये पाहुणा असाच येतो.

“एकशे ऐंशी ग्रेन वजनाची?” डेलमरने एक गोळी उचलली. “हरीण मारायचंय की रणगाडा?”

“तुझी ती एकशे तीसची चिलटं वारा उडवून नेतो. जड गोळी वाऱ्याला भीक घालत नाही. वाचलंय मी.”

“तू? वाचलंस?”

वाचलं होतं. वसंतात त्याची बायको आयडा वारली, त्यानंतर संध्याकाळी करायला दुसरं काही उरलं नव्हतं. आजवर शिकारीत ती त्याच्या शेजारी पालथी पडायची, दुर्बिणीतून गवत बघायची आणि सांगायची, “अजून वीतभर डावीकडे. थांब. हां, आता.” ऑरिन चाप ओढायचा आणि गावात नेमबाज म्हणून मिरवायचा. आता वीतभर कोण सांगणार? म्हणून जड गोळी.

चर्चच्या शरदातल्या जेवणाला दरवर्षी आयडाच्या हरणाच्या कालवणाचं पातेलं जायचं. यंदाही येईल, असं ऑरिन सगळ्यांसमोर बोलून बसला होता. हंगामाचा उद्या शेवटचा दिवस, आणि फ्रीझरमध्ये फक्त मटार होते.

सकाळी दोघं माळावरच्या उंचवट्यावर पोचले. चारशे यार्डांवर कळप चरत होता. ऑरिनने रायफल भरायला घेतली आणि काडतूस रायफलीच्या मॅगझिनच्या पेटीत मावेना. घरी त्याने ते थेट नळीत सरकवून पाहिलं होतं. लांबीचा विचार केलाच नव्हता.

“तुझ्या हत्तीची सोंड बाहेर राहिली,” डेलमर म्हणाला.

“एकेक घालतो. एकच पुरेल.”

मग त्याने आयडाचा पिवळा रुमाल कुंपणाच्या तारेला बांधला. ती वारा बघायला तसाच बांधायची. रुमाल फडफडायला लागला.

“काय म्हणतोय?”

“वारा आहे म्हणतोय.”

किती वाऱ्याला किती बाजूला नेम धरायचा, त्याचा कागदी तक्ता ऑरिनने उघडला. वाऱ्याने तो हातातून ओढून नेला.

“जड कागदावर छापायचास,” डेलमर म्हणाला.

ऑरिनने अंदाजाने चांगला पाच-सहा हात डावीकडे नेम धरला आणि चाप ओढला. नर हरणाच्या डावीकडेच धूळ उडाली. मध्ये एक ट्रक आरामात उभा राहिला असता. गोळीने वाऱ्याला भीक घातली नव्हती. ऑरिनने मात्र झोळी भरून घातली होती. कळप टेकडीमागे पळाला.

“मटाराचं कालवण कसं लागतं?” ऑरिनने विचारलं.

“ताईने केलं असतं तर बरं लागलं असतं. तू केलंस तर सांगता येत नाही.”

बराच वेळ दोघं कॉफी पीत बसले. शेवटी ऑरिन रुमाल सोडायला उठणार, तोच डेलमरने त्याचा कोट ओढला. “हलू नकोस!”

टेकडीवरून दोन शिंगं वर आली. फडफडणारी वस्तू दिसली की या हरणांना जवळ जाऊन पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. नर चार पावलं आला, फुरफुरला, थांबला, पुन्हा आला. त्याची नजर रुमालावरून हलेना. ऑरिनने खिशात हात घातला. गारठलेल्या बोटांतून एक जड काडतूस झुडपात पडलं. मग दुसरंही पडलं. दोघांच्या रायफली एकाच मापाच्या होत्या. डेलमरने आपलं काडतूस त्याच्या तळव्यावर ठेवलं.

“वाऱ्याचं काय?” ऑरिन कुजबुजला.

“अरे, साठ पावलांवर आहे ते! मार!”

रविवारी चर्चमध्ये कालवणात मीठ जरा जास्त पडलं होतं, तरी पातेलं रिकामं झालं.

“परवाच्या त्या वाऱ्यात मारलंस?” म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी विचारलं. “किती लांबून?”

“साठ पावलं.”

सगळे हसले. आयडाचा नवरा थट्टेखोर आहे, हे गावाला माहीत होतं.

“बरं, नको सांगूस. गोळी तरी किती ग्रेनची होती?”

डेलमर घास चावायचा थांबला.

“उसनी,” ऑरिन म्हणाला.