घासलेली बंदूक

आमच्या शेजारचे आपटेकाका घरात आले की आधी खिशातून भिंग काढतात आणि समोर जी वस्तू असेल तिचे स्क्रू बघतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा टाकत होते. त्यांनी ओट्यावरचा कुकर उचलला, खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, "ताई, दांडा मूळचा नाही. मागाहून बसवलाय."

खरंच होतं. तो मी इंग्लंडला निघायच्या आधी साताऱ्याला बसवून घेतला होता.

काका ऐंशीच्या पुढचे. मिल्टन कीन्सला ते आमच्या कितीतरी आधी आले, कारखान्यात फिटर होते. त्यांना नाद जुन्या बंदुकांचा, त्यातही एकाच जातीच्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन शॉटगन, ज्यांना खाली कडीसारखी लिव्हर असते. ती कडी खाली ओढून परत वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत बसतं. काकांनी एकदा मला तो आवाज ऐकवला. "खळ्ळ-खट. ऐकलंत? दाराची कडी चांगली बसते तसा आवाज. हा बिघडला तर बंदूक गेली."

त्यांनी त्या कधी झाडल्या नाहीत. कबुतर आलं तरी टाळी वाजवून हाकलतात. बंदुका भिंतीला बोल्ट केलेल्या लोखंडी कपाटात. अधूनमधून पोलीस येऊन कपाट आणि सर्टिफिकेट बघून जातो. काका त्याच्यासाठी पोहे करतात आणि तो निघाला की त्याच्या टोपीच्या बिल्ल्यावर भिंग धरतात.

लांबून लांबून माणसं त्यांच्याकडे बंदूक दाखवायला येत. काका तासभर बोलत नसत. नळी बघायची, लाकूड हुंगायचं, एकेक स्क्रू तपासायचा. जुन्या लोखंडावर वर्षानुवर्षांनी जो तपकिरी रंग चढतो तो त्यांच्या लेखी सोनं. कुणी हौसेनं तो घासून बंदूक चकचकीत करून आणली की काका ती अलगद खाली ठेवत आणि म्हणत, "घासलं की गेलं." पुढे बोलणं नाही. तो माणूस आपला चहा पिऊन जाई.

हे सगळ्यालाच लागू. मंडळाच्या गणपतीत एका मुलीनं आपला होणारा नवरा काकांच्या पाया पडायला आणला. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाकी सगळं मूळचं आहे. केस नंतर बसवलेत." मुलगा हसला म्हणून निभावलं. मुलीची आई अजून काकांशी बोलत नाही.

गेल्या वर्षी काकांची नजर फार मंदावली. गाडी बंद झाली, आणि आमच्या गावात गाडी नसली की दूध आणायचीसुद्धा पंचाईत. लंडनमध्ये ईलिंगला त्यांची मुलगी शर्वरी असते. तिनं खोली तयार केली, पण सांगितलं, "बाबा, घरात लहान मुलं आहेत. बंदूक एकही नको." काका आठवडाभर तोंड पाडून होते. मग सगळ्या विकायला त्यांनी एका ओळखीच्या व्यापाऱ्याला बोलावलं. मला म्हणाले, "ताई, तुम्ही येऊन बसा. बोलू नका हवं तर. कुणीतरी असलेलं बरं."

न बोलता बसणं मला जमतं. मी गेले.

तो दाढीवाला गोरा एकेक बंदूक बाहेर घेत होता आणि खूश होत होता. काका प्रत्येकीची लिव्हर एकदा ओढत, आवाज ऐकत आणि त्याच्या हातात देत. शेवटी कपाटाच्या तळातून एक निघाली. स्टीलच्या पातेल्यासारखी लखलखीत. गोऱ्याच्या तोंडून हाय निघाली. त्यानं काहीतरी विचारलं.

"विचारतोय, हे पाप कुणी केलं," काका मला म्हणाले. "सुमननं. शर्वरीच्या आईनं, ती होती तेव्हा. खंडेनवमीला मी सगळ्या पाटावर मांडल्या आणि आंघोळीला गेलो. तिनं पहिलीच उचलली आणि चिंच-राख लावून घासली. लाकडाला खोबरेल. देवाची भांडी घासतात तशी. मी टॉवेलवरच बाहेर आलो. ती म्हणाली, 'अहो, पूजा करायची आणि इतकी काळीकुट्ट?'"

"मग?"

"मग काय. दोन दिवस अबोला. माझाच."

गोरा म्हणाला, सुटे भाग काढायला नेतो. काकांनी नाही म्हणून मान हलवली. नळी कायमची बंद करून, लिव्हर जागीच जखडून घेतली तर अशी बंदूक सर्टिफिकेटशिवाय घरात ठेवता येते. असं करणाऱ्यांना काका कसाई म्हणत आले होते. आता त्यांनी स्वतःच त्याला तसं करून आणायला सांगितलं. गोरा त्यांच्याकडे बघतच राहिला.

"शर्वरीला चालेल?" मी विचारलं.

"म्हणाली, आईची असेल तर हॉलमध्ये लावू."

गोऱ्यानं बंदूक उजेडात धरली. एका स्क्रूच्या खाचेत लाल काहीतरी होतं. गंज समजून त्यानं कापसाची काडी काढली. काकांनी त्याचं मनगट धरलं. नजर मंद झालेल्या माणसाचा हात बरोबर तिथेच गेला. त्यांनी त्याला इंग्रजीत सांगितलं, बाकी काय ते कर, या स्क्रूला हात लावू नकोस.

मला कुणी सांगायची गरज नव्हती. बायकांना कुंकू कळतं.

गोऱ्याची गाडी गेल्यावर काका रिकाम्या कपाटासमोर उभे राहिले. दार लावलं, परत उघडलं. मग पाठमोरेच म्हणाले, "ताई, खंडेनवमीला ईलिंगला याल का? शर्वरीला यातलं माहीत नाही, आणि मी कुंकू लावायला गेलो तर हात हलतो. सगळीकडे पसरतं."

मी या देशात एकटी कधी ट्रेनमध्ये बसलेले नव्हते. येते म्हटलं.