बैठकीतलं कातडं

वाळवणीच्या शेडचा पत्रा वादळात उडाला, तेव्हा कातडी कमावणाऱ्याकडे एकच कातडं ओलं होतं, आणि ते नेमकं नाटक कंपनीचं होतं. शेड नीट होईपर्यंत थांबायची सोय नव्हती. त्याने ते सरळ घरात आणलं, जेवणाच्या टेबलाची फळी काढून बैठकीच्या भिंतीला टेकवली आणि कडेकडेने खिळे ठोकून कातडं तिच्यावर ताणून बसवलं. मग घरात हुकूम सुटला. पंखा नाही, खिडकी नाही, ऊन नाही.

"आणि जेवायचं कुठे?" बायकोने विचारलं.

"मांडीवर ताट घेऊन."

"किती दिवस?"

"ते कातडं ठरवेल."

"बरंय. एवीतेवी या घरात माझं कोण ऐकतंय," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

त्याच्या कातड्याला नाव होतं. रुमालासारखी घडी पडायची त्याची. त्यामागची युक्ती एवढीच, की ते सावलीत, बंद हवेत, स्वतःच्या चालीने वाळू द्यायचं. घाई केली की वरची बाजू आधी आखडते, आतलं पाणी आतच कोंडतं आणि अख्खं कातडं फळकुटासारखं होतं.

नेमकं तेव्हाच सासऱ्यांच्या घरी रंगकाम निघालं आणि ते पिशवी घेऊन लेकीकडे राहायला आले. सासरे स्वभावाने चांगले होते, पण रिकामं बसणं त्यांना जमत नसे आणि मदत केल्याशिवाय चैन पडत नसे.

"जावईबापू, हे काय टांगलंय?"

"कातडं वाळतंय, बाबा."

"अशा कोंदट खोलीत? गुदमरून मरेल ते."

"ते आधीच मेलंय, बाबा."

सासऱ्यांना ते पटलं नसावं. तो शेडकडे चक्कर मारून आला तर पंखा गरगर फिरत होता आणि सासरे त्याखाली समाधानाने पेपर वाचत होते. त्याने पंखा बंद केला आणि पंखा का नको ते शांतपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी पंखा बंदच होता, पण खिडक्या सताड उघड्या आणि कातड्यावर लख्ख ऊन.

"बाबा!"

"तुम्ही पंख्याचं बोलला होतात. उन्हाचं काही बोलला नाहीत."

त्याने खिडक्या लावल्या, ओलं फडकं फिरवून कातडं पुन्हा मऊ करायचा प्रयत्न केला, आणि बायकोला बजावलं, "मी पत्रे आणायला जातोय. तुझ्या बाबांना कातड्याला हात लावू देऊ नकोस."

"मी माझ्या बाबांवर पहारा ठेवू?"

"माझ्यावर ठेवतेस तसाच."

तो परत आला तेव्हा बैठकीत जळका वास भरला होता. कातड्याच्या कडा वळलेल्या पाहून सासऱ्यांना वाईट वाटलं होतं आणि त्यांनी त्यावर कपड्यांची इस्त्री फिरवली होती. चांगली दाबून, दोन-दोनदा. खिळे काढल्यावर ते कातडं कुणाच्याही आधाराशिवाय उभं राहिलं. त्याने त्यावर बोटाने टकटक केलं.

"अहो, दारात कोण आलंय बघा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

मग मात्र त्याचा संयम सुटला. त्याने सासऱ्यांना समोर बसवून कातडं कसं वाळतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. सासरे मान खाली घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "ते आतल्या पाण्याचं पुन्हा सांगा." शेवटी डोळे पुसत उठले. "फार मोठी चूक झाली माझ्याकडून. तुमची विद्या आज कळली मला."

सकाळी नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाई आल्या. सांगायचं काय याचा त्याने रात्रभर विचार केला होता, पण तोंड उघडायच्या आत बाईंनी कातडं हातात घेऊन वाकवलं. ते करकरलं. त्यांनी ते पुन्हा वाकवलं.

"हे कसं केलंत?"

"चुकून."

"अहो, असं कडक मिळेल हे ठाऊकच नव्हतं, म्हणून मऊ मागितलं. मागच्या प्रयोगात मऊ चिलखतात आमचा सेनापती झोपेतून उठून आल्यासारखा दिसत होता. आता सगळ्या सैन्यालाच याची चिलखतं करू. पण हुबेहूब असंच हवं. मऊ पडलं तर परत करीन."

बाई गेल्या. आयुष्यभर जपलेली कला चुलीत गेली होती आणि वर कौतुकही झालं होतं. पण शेवटी धंदा तो धंदा. त्याने कमावणीतून निघालेलं नवं कातडं फळीवर ठोकलं, काळजावर दगड ठेवून खिडक्या उघडल्या, पंखा सोडला आणि हात धुवायला गेला.

परत येतो तर खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा थांबलेला. कातड्यासमोर खुर्ची टाकून घामाने निथळणारे सासरे बसले होते.

"बाबा, पंखा लावा."

"छे. घाई केली की कातडं आखडतं."

"या वेळी आखडायलाच हवंय!"

सासऱ्यांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "जावईबापू, गिऱ्हाईक दोन शब्द गोड बोललं म्हणून विद्येशी बेइमानी करायची नसते. मी एकदा चुकलो. तुम्हाला चुकू देणार नाही."

तो तणतणत स्वयंपाकघरात आला. "अगं, इस्त्री कुठाय?"

"बाबा तिच्यावर बसलेत," कणीक मळता मळता बायको म्हणाली. "आणि कातडं वाळल्याशिवाय उठणार नाही म्हणतायत."